बिल्ड टूलचा रिझॉल्व्हर लिहिताना: आधी नियम ठरवा, अल्गोरिदम नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कंपनीसाठी स्वतःचं बिल्ड टूल (कोड आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या गोळा करून प्रोग्रॅम तयार करणारं साधन) लिहायला घेतलंय, अंतर्गत लायब्रऱ्या दोनशेच्या आसपास आणि बाहेरच्या वेगळ्या, आणि चार गोष्टी ठरवायच्यात. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स मागितली गेली तर कोणतं घ्यायचं, सॅट सॉल्व्हर (खऱ्या-खोट्या अटींचं कोडं सोडवणारा प्रोग्रॅम) लागेल का, लॉकफाइल (एकदा निवडलेली व्हर्जन्स लिहून ठेवणारी फाइल) असली की मग एवढा विचार करायची गरज उरते का, आणि पब्लिश झालेलं व्हर्जन दुरुस्त करून त्याच नंबराने परत टाकू द्यायचं का. मी बरीच वर्षं याच कामात आहे, दोन रिझॉल्व्हर (कोणत्या लायब्ररीचं कोणतं व्हर्जन घ्यायचं हे ठरवणारा टूलचा भाग) सुरुवातीपासून लिहिलेत आणि त्यातला एक पूर्ण टाकून देऊन परत लिहिलाय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

एक गोष्ट आधी पक्की करा कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. रिझॉल्व्हर लिहायला बसलं की आपण लगेच ग्राफ (कोणाला कोण लागतं याचं जाळं), बॅकट्रॅकिंग (अडलं की मागे फिरून दुसरा पर्याय करून बघणं), कॅशे यात शिरतो, पण टूल वापरणाऱ्या माणसाला यातलं काही दिसत नसतं, त्याला एवढंच दिसतं की काल ३.२ येत होतं आणि आज ३.१ आलंय, आणि त्याचा एकच प्रश्न असतो, "हे कुठून आलं?" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येईल असा नियम आधी ठरवा आणि मग त्या नियमाला अल्गोरिदम शोधा. उलटं केलं, म्हणजे आधी एखादा भारी अल्गोरिदम आणला आणि त्याच्या पोटातून जे बाहेर पडेल तोच नियम मानला, की दोन वर्षांत अशी वेळ येते की टीममध्ये एकाच माणसाला बिल्ड कळतं, आणि तो रजेवर गेला की सगळ्यांचं घोडं अडतं.

आता नियम एका वाक्यात सांगता येणं पुरेसं आहे का, तर नाही. जावाचं बिल्ड टूल मेव्हन, त्याचा नियम बघा, जो जवळचा तो जिंकतो, म्हणजे रूटपासून (आपल्या स्वतःच्या प्रोजेक्टपासून) कमी पायऱ्यांवर जे व्हर्जन सापडेल ते घ्यायचं, आणि दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर पॉममध्ये (मेव्हनच्या यादीच्या फाइलमध्ये) जे आधी लिहिलंय ते. सांगायला सोपा आहे. पण याच नियमाने मी एकदा चांगलीच पोळले आहे. आमची एक सर्व्हिस होती, ती एक रिपोर्ट लायब्ररी वापरायची, ती पुढे एक्सेल फाइल लिहिणारी लायब्ररी वापरायची, आणि तिला तारखा हाताळणाऱ्या एका छोट्या लायब्ररीचं २.६ लागायचं, म्हणजे आमच्यापासून तीन पायऱ्या खाली. एक दिवस कोणीतरी लॉगिंगसाठी एक हेल्पर थेट जोडला, आणि त्या हेल्परला तीच तारखांची लायब्ररी हवी होती पण २.१, दोन पायऱ्या खाली. मेव्हनने नियमाप्रमाणे २.१ उचललं. कंपाइल झालं, कारण एक्सेलवाली लायब्ररी आधीच कंपाइल झालेली जार (जावाची तयार फाइल) होती, तिला परत कोण तपासतंय. टेस्ट हिरव्या, कारण टेस्ट त्या वाटेने जातच नव्हत्या. महिनाअखेरीला रिपोर्ट चालला आणि प्रॉडक्शनला 'नो सच मेथड एरर' आला, कारण २.६ मधली मेथड २.१ मध्ये नव्हती. दोन दिवस आम्ही रिपोर्टचा कोड चाळत बसलो होतो आणि बदल झाला होता लॉगिंगमध्ये.

यात मेव्हन चुकलं नाही, त्याने त्याचा नियम पाळला. चूक नियमातच आहे, कारण झाडात कोण किती खोल आहे याचा आणि कोणाला काय लागतं याचा काही संबंध नाही. म्हणून माझ्या दृष्टीने नियमाची दुसरी अट ही: ज्याने जे किमान मागितलंय त्याच्या खाली गुपचूप जायचं नाही, जायचंच असेल तर बिल्ड पाडायचं आणि सांगायचं. मेव्हनमध्येही हे करता येतं, एन्फोर्सर प्लगइनमध्ये 'रिक्वायर अपर बाउंड डेप्स' नावाचा नियम आहे तो नेमकं हेच तपासतो, पण तो हाताने लावावा लागतो आणि बहुतेकांना तो आपल्यासारखी एखादी महिनाअखेर गेल्यावरच माहीत होतो. तुम्ही नवीन टूल लिहिताय, तुमच्याकडे हे पहिल्या दिवसापासून चालू असू द्या.

मग दुसरा पर्याय, सगळ्यात वरचं घ्या. इथे लोक हमखास दोन वेगळ्या गोष्टी एक समजतात, त्यामुळे जरा थांबते. एक म्हणजे "मागितलेल्यांपैकी सगळ्यात वरचं" आणि दुसरं म्हणजे "रेंजमध्ये बसणारं, रजिस्ट्रीत आज असलेलं सगळ्यात वरचं" (रेंज म्हणजे कुठपासून कुठपर्यंतची व्हर्जन्स चालतील ते, रजिस्ट्री म्हणजे पब्लिश झालेली पॅकेजेस ठेवायची जागा). समजा आपण स्वतः पार्सर १.२ मागितला, एका लायब्ररीला तो १.४ हवा, दुसरीला १.३, आणि रजिस्ट्रीत १.९ पर्यंत आलेलं आहे. पहिल्या नियमाने १.४ येणार, दुसऱ्याने १.९. उद्या कोणी १.१० टाकलं तर पहिल्याचं उत्तर १.४ च राहणार आणि दुसऱ्याचं बदलणार, तुमच्या कोडमध्ये एक अक्षरही न बदलता. ग्रेडलमध्ये (हेही जावासाठी वापरतात ते बिल्ड टूल) साधी ठाम व्हर्जन्स लिहिली तर पहिला नियम लागतो. जावास्क्रिप्टचं एनपीएम, रस्टचं कार्गो, पायथनचं पिप ही टूल्स दुसऱ्या गटातली.

पहिला नियम सगळ्यात स्वच्छपणे मांडला तो गो या प्रोग्रॅमिंग भाषेने. गो च्या टीममधल्या रस कॉक्स यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये तो प्रस्ताव मांडला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गो १.११ मध्ये मॉड्यूल्स (लायब्रऱ्यांची व्हर्जन्स सांभाळायची पद्धत) आली. त्याला 'मिनिमल व्हर्जन सिलेक्शन' म्हणतात आणि नावामुळे लोकांना वाटतं की हे जुन्यात जुनं घेतं, तसं नाहीये, प्रत्येक जण आपलं किमान सांगतो आणि त्या किमानांमधलं कमाल घेतलं जातं. रेंज नाही, वरची मर्यादा नाही, त्यामुळे मागे फिरून दुसरं काही करून बघण्याची वेळच येत नाही. ग्राफ एकदा फिरा, प्रत्येक नावासमोर सगळ्यात मोठा आकडा ठेवा, झालं. हे वहीवर करता येतं आणि मला त्याचं खूप अप्रूप आहे. "१.४ का आलं?" याचं उत्तर "कारण अमुक लायब्ररीच्या फाइलमध्ये १.४ लिहिलंय", आणि ती ओळ बोट ठेवून दाखवता येते. बेझल या दुसऱ्या बिल्ड टूलनेही नव्या मॉड्यूल पद्धतीसाठी हाच मार्ग घेतला.

याचा तोटाही आहे. बग दुरुस्त झालेलं व्हर्जन आपोआप येत नाही, कोणीतरी मागावं लागतं. डिसेंबर २०२१ मधलं, जावाच्या लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीतल्या सुरक्षेच्या त्रुटीचं प्रकरण आठवा, आधी २.१५.०, मग २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१, एकाच महिन्यात चार वेळा वर जावं लागलं. किमानवाल्या नियमात यातलं प्रत्येक पाऊल तुम्हाला स्वतः उचलावं लागतं. म्हणून हा नियम घेणार असाल तर व्हर्जन वर नेण्याचं काम करणारा बॉट त्याच्यासोबतच लिहायला घ्या, तो नंतर बघू म्हणून ठेवलात तर वर्षभराने सगळं जुनाट होऊन बसतं आणि मग खापर रिझॉल्व्हरवर फुटतं.

आणि दुसरी किंमत म्हणजे वरची मर्यादा नाही म्हटल्यावर मोडतोड करणारा बदल आला तर काय. गो चं उत्तर कडक आहे, मेजर व्हर्जन (नंबरातला पहिला आकडा) बदललं की इम्पोर्टचं नावच बदलतं, शेवटी व्ही२ लागतं, म्हणजे ती टूलच्या दृष्टीने वेगळीच लायब्ररी झाली आणि जुनी-नवी शेजारी शेजारी राहू शकतात. लोकांना हे सुरुवातीला अजिबात आवडत नाही. पण दोनशे अंतर्गत लायब्रऱ्यांत तुम्ही हे लादू शकता, कारण लेखक तुमच्याच शेजारी बसलेले आहेत, आणि बाहेरच्या जगात जे जमत नाही ते इथे जमतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे: अंतर्गत लायब्रऱ्यांसाठी किमानांचं कमाल, आणि मेजर बदलला की नाव बदला.

मात्र एक सुटका ठेवा, कारण कधीतरी कोणाचं तरी १.४ तुटकं निघतंच. अशा वेळी "काही झालं तरी १.३.७ च घे" असं सांगता आलं पाहिजे, पण ते फक्त रूट प्रोजेक्टला. गो मध्ये 'रिप्लेस' आणि 'एक्स्क्लूड' फक्त मुख्य मॉड्यूलचे मानले जातात, कार्गोचं 'पॅच' आणि एनपीएमचं 'ओव्हरराइड्स' पण रूटमध्येच चालतात, आणि हे सगळ्यांनी उगाच नाही केलेलं. लायब्ररीला हा अधिकार दिला की दोन लायब्रऱ्या एकमेकींविरुद्ध ओव्हरराइड लिहितात आणि मग ओव्हरराइडमधला कॉन्फ्लिक्ट सोडवायला अजून एक नियम लागतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आम्ही पहिल्या रिझॉल्व्हरमध्ये हा अधिकार लायब्ररीला दिला होता, तो काढून घ्यायला दीड वर्ष गेलं.

आता सॅट सॉल्व्हर. हा प्रश्न नेहमी येतो कारण रिझॉल्व्ह करणं एनपी-कम्प्लीट (झटपट सोडवायची खात्रीची पद्धत माहीत नाही अशा कोड्यांपैकी) आहे असं सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण ते नेमकं कोणत्या अटींमुळे हे कळलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. बघा, तीन चल आहेत असं समजू, क, ख, ग, प्रत्येकाचं एक पॅकेज करा आणि त्याची दोन व्हर्जन्स ठेवा, ० आणि १, खोटं आणि खरं. आता "क खरं किंवा ख खोटं किंवा ग खरं" अशी अट असेल तर त्या अटीचं एक पॅकेज करा, त्याची तीन व्हर्जन्स, पहिल्याला क चं १ हवं, दुसऱ्याला ख चं ०, तिसऱ्याला ग चं १. रूटला म्हणा की अटींची सगळी पॅकेजेस पाहिजेत, कोणतंही व्हर्जन चालेल. हे रिझॉल्व्ह झालं म्हणजे सगळ्या अटी एकदम पूर्ण झाल्या, म्हणजे तुमच्या रिझॉल्व्हरने सॅटचं कोडं सोडवलं. डेबियन या लिनक्सच्या पॅकेजेससाठी हे एडॉस प्रकल्पातल्या संशोधकांनी २००६च्या सुमारास दाखवून दिलं होतं.

पण हे जमण्यासाठी दोन गोष्टी लागल्या. डिपेन्डन्सीत (पॅकेजला लागणाऱ्या लायब्ररीच्या मागणीत) "हेच व्हर्जन, ते नको" असं म्हणता आलं, आणि एका पॅकेजचं एकच व्हर्जन एका वेळी असू शकतं. यातली एक काढा आणि अवघडपणा जातो. गो ने पहिली काढली, फक्त किमान सांगता येतं. एनपीएमने दुसरी काढली, प्रत्येकाला त्याच्या पोटात त्याची वेगळी प्रत मिळू शकते. म्हणजे तुम्ही नियम कोणता निवडता यावरच सॉल्व्हर लागणार की नाही हे ठरतं, म्हणून तर मी वर म्हटलं आधी नियम.

तुमच्या अंतर्गत लायब्रऱ्यांना सॉल्व्हर लागणार नाही. बाहेरच्या लायब्रऱ्या रेंज घेऊनच येतात, तिथे लागेल, आणि तिथे माझा स्पष्ट सल्ला आहे की साधं बॅकट्रॅकिंग लिहू नका आणि थेट सॅट सॉल्व्हरही आणू नका, पबग्रब नावाचा अल्गोरिदम वापरा. पीएचपीचं कंपोझर सॅट वापरतं आणि चालतं, तक्रार तिथे नाहीये. तक्रार अशी की सॅट सॉल्व्हर "जमत नाही" हे फार पटकन सांगतो आणि "का जमत नाही" हे माणसाच्या भाषेत आणायला तुम्हाला वेगळं काम करावं लागतं. पबग्रब नॅटली वायझेनबॉम यांनी डार्ट भाषेच्या पब टूलसाठी केला, २०१८ मध्ये तो लोकांसमोर आला, त्यातली मूळ कल्पनाच अशी आहे की प्रत्येक अडचण एक वाक्य म्हणून साठवायची आणि दोन वाक्यांतून तिसरं काढायचं.

एक उदाहरण हाताने करून दाखवते. रूटला रिपोर्ट २ हवंय, म्हणजे २.० पासून ३.० च्या आतलं काहीही, आणि जेसन १ हवंय. रिपोर्टची २.० ते २.४ अशी पाच व्हर्जन्स आहेत आणि पाचांनाही टेबल ३ लागतं. टेबलची ३.० ते ३.७ अशी आठ व्हर्जन्स आहेत आणि आठांनाही जेसन २ लागतं. साधा बॅकट्रॅकर रिपोर्ट २.४ घेतो, टेबल ३.७ घेतो, जेसन जुळत नाही, टेबल ३.६, नाही, ३.५, नाही, अशी आठ संपली की रिपोर्ट २.३ वर येतो आणि परत टेबल ३.७ पासून तेच. पाच गुणिले आठ, चाळीस वेळा आपटतो आणि शेवटी म्हणतो जुळत नाही, आणि खऱ्या ग्राफमध्ये हेच आकडे लाखांत जातात. पबग्रब टेबल ३.७ ला अडतो तेव्हा बघतो की टेबलच्या सगळ्याच ३ मालिकेला जेसन २ लागतंय, मग एक वाक्य लिहून ठेवतो, "टेबल ३ आणि जेसन १ कधीच एकत्र नाही". रिपोर्टच्या सगळ्या २ मालिकेला टेबल ३ लागतं, म्हणून दुसरं वाक्य, "रिपोर्ट २ आणि जेसन १ कधीच एकत्र नाही". रूटला दोन्ही हवीत, संपलं. आणि एरर मेसेज म्हणून नेमकी हीच वाक्यं उलट्या क्रमाने छापायची: तुम्ही रिपोर्ट २ मागितलंय, त्याला टेबल ३ लागतं, त्याला जेसन २ लागतं, पण तुम्ही जेसन १ मागितलंय. वाचणाऱ्याला लगेच कळतं की कोणती ओळ बदलायची. म्हणजे कारण सांगण्याची सोय वेगळी लिहावी लागत नाही, ती हिशोबातूनच येते. पायथनच्या जगातलं यूव्ही हे टूल याच पद्धतीवर चालतं आणि त्याचे मेसेज म्हणूनच वाचनीय असतात.

बॅकट्रॅकिंगची किंमत बघायची असेल तर पिपचा इतिहास बघा. जुना पिप आधी जे सापडेल ते घ्यायचा आणि नंतर कोणाचं काही तुटलं तर तुटू द्यायचा. २०२०च्या अखेरीस २०.३ मध्ये खरा रिझॉल्व्हर आला, उत्तरं बरोबर यायला लागली, पण काही प्रोजेक्टना रिझॉल्व्ह व्हायला फार वेळ लागायला लागला, कारण एका व्हर्जनला काय लागतं हे कळायलाच कधी कधी पूर्ण पॅकेज उतरवून त्याचं सेटअप चालवावं लागायचं. यातून घ्यायचा धडा असा की डिपेन्डन्सीची यादी पॅकेजच्या आत दडवू नका, रजिस्ट्रीच्या इंडेक्समध्ये प्रत्येक व्हर्जनसमोर छोट्याशा मजकुरात ठेवा आणि ती यादी काढायला कोड चालवावा लागू नये. हे एक केलं तर रिझॉल्व्हर कसाही लिहिला तरी सहन होतो.

मध्येच व्हर्जन नंबरच्या तुलनेबद्दल, कारण हे सगळे जण अर्ध्या दिवसाचं काम समजतात. १.१० हे १.९ पेक्षा मोठं, अक्षरांची तुलना करू नका, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण १.० आणि १.०.० एकच का? मेव्हन म्हणतं एकच, पायथनचा नियम म्हणतो एकच, ग्रेडल म्हणतं १.०.० मोठं. १.०-आरसी (पक्क्या व्हर्जनआधीची चाचणीची आवृत्ती) हे १.० च्या आधी की नंतर? डेबियनमध्ये टिल्ड चिन्ह लावलं तरच आधी. सेमव्हर या व्हर्जन नंबरांच्या ठरलेल्या पद्धतीत बीटा.२ हे बीटा.११ च्या आधी येतं कारण बिंदूनंतरचा सुटा आकडा आकडा म्हणून मोजतात, पण कोणी बिंदू न देता बीटा२ आणि बीटा११ लिहिलं तर ते अक्षरांप्रमाणे लागतं आणि बीटा११ आधी येतं. आणि जुना कचरा वेगळाच: कॉमन्स आयओ या जावा लायब्ररीचं मेव्हन सेंट्रलवर तारखेवरून ठेवलेलं २००३०२०३.०००५५० असं एक व्हर्जन पडलेलं आहे, २००३ सालचं, आणि आकड्यांनी बघितलं तर ते २.काहीही पेक्षा कितीतरी मोठं. "रजिस्ट्रीतलं सगळ्यात वरचं" हा नियम डोळे मिटून लावला की वीसहून जास्त वर्षं जुना कोड नवीन म्हणून घरात येतो.

याहून फसवं म्हणजे रेंज आणि प्रीरिलीज (अल्फा, बीटा, आरसी अशी पक्क्याआधीची व्हर्जन्स). मेव्हनमध्ये "१.० पासून, २.० सोडून" अशी रेंज लिहिली तर २.०-अल्फा त्यात बसतं, कारण अल्फा हे २.० च्या आधीचं आहे, हिशोब बरोबर आणि परिणाम चुकीचा, कारण जे टाळायला मर्यादा घातली तेच आत आलं. एनपीएम आणि कार्गो यांनी हे ओळखून प्रीरिलीज स्वतःहून मागितल्याशिवाय द्यायचंच नाही असं ठरवलं. तुम्हीही तेच करा. आणि अंतर्गत लायब्रऱ्यांना तीन आकडे आणि हवं असेल तर एक प्रीरिलीज, यापलीकडे काही स्वीकारूच नका, पब्लिश करतानाच नाकारा, बाहेरच्या पॅकेजेसना त्यांच्या त्यांच्या जगाचा नियम लावा. सगळ्यांना एकच तुलना लावायला गेलात तर कुठेतरी चुकणारच.

एकाच लायब्ररीच्या दोन प्रती ठेवण्याबद्दल थोडंसं. सोय चांगली वाटते, भांडणच मिटलं. पण एका प्रतीने बनवलेली वस्तू दुसऱ्या प्रतीला दिली की गोंधळ होतो. रस्टमध्ये तर कंपायलर सांगतो की अमुक टाइप हवा होता आणि अमुकच टाइप मिळाला, दोन्हीकडे नाव तेच, आणि खाली टीप येते की बहुतेक एकाच क्रेटची (रस्टमधल्या पॅकेजची) दोन व्हर्जन्स आली आहेत. निदान तिथे कंपाइलला कळतं, डायनॅमिक भाषांत रनटाइमला कळतं. कार्गोने मधला मार्ग काढला, सुसंगत मालिकेची एकच प्रत, विसंगत मालिकांच्या वेगळ्या, आणि मला तो पटतो. जावासारख्या ठिकाणी जिथे एका क्लासपाथवर (जावा क्लास जिथे शोधतं त्या यादीत) एका नावाचा एकच क्लास दिसतो तिथे हा मार्ग पॅकेजचं नाव बदलल्याशिवाय उपलब्धच नाही. उलटीही अडचण असते, दोन वेगळ्या नावांच्या जार एकच क्लास आणतात, जसं जुनं लॉगफोरजे आणि त्याची जागा घेणारा, एसएलएफफोरजे या दुसऱ्या लॉगिंग लायब्ररीचा पूल. नाव आणि नंबर बघणाऱ्या रिझॉल्व्हरला यात काहीच चुकीचं दिसत नाही. ग्रेडलमध्ये यासाठी 'कॅपॅबिलिटी' आहे, म्हणजे पॅकेज सांगतं की मी अमुक गोष्ट पुरवतो आणि दोघांनी तीच पुरवली की टूल थांबतं. पहिल्या आवृत्तीत हे लागणार नाही, पण मेटाडेटाच्या फॉरमॅटमध्ये त्याची जागा आजच सोडून ठेवा.

आता लॉकफाइल. लॉकफाइल असेल तर नियम कसाही असला तरी काय बिघडतं, हा तुमचा मुद्दा. लॉकफाइल हे उत्तर जपून ठेवते, उत्तर चांगलं करत नाही. ज्या दिवशी तुम्ही एक नवीन डिपेन्डन्सी जोडता त्या दिवशी रिझॉल्व्हर परत चालतो आणि नियम वाईट असेल तर संबंध नसलेल्या चाळीस ओळी बदलतात, आणि चाळीस ओळींचा लॉकफाइलमधला फरक रिव्ह्यूमध्ये कोणीही वाचत नाही, हे मी अगदी छातीठोकपणे सांगते. शिवाय लायब्ररीची लॉकफाइल ती लायब्ररी वापरणाऱ्याला लागू होत नाही, त्याच्याकडे रिझॉल्व्ह नव्यानेच होतं. तरी लॉकफाइल ठेवाच, रेंज जिथे आहे तिथे तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही, पण तीन गोष्टी तिच्यात हव्यात. प्रत्येक पॅकेजचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा), नुसता नंबर नको. ते कोणत्या रजिस्ट्रीतून आलं ते. आणि सीआयवर (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) असा मोड जिथे लॉकफाइल आणि मागणी जुळत नसेल तर टूल गुपचूप नवी लॉकफाइल न लिहिता पडतं, एनपीएममध्ये 'सीआय' कमांड आहे तसा, कार्गोमध्ये 'लॉक्ड' आहे तसा. रिझॉल्व्ह करताना आधीची लॉकफाइल हीच पहिली पसंती म्हणून द्या, म्हणजे जे बदलायची गरज नाही ते बदलणार नाही.

रजिस्ट्रीचं नाव मी मुद्दाम घातलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवलं की कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजचं नाव घेऊन सार्वजनिक रजिस्ट्रीवर मोठ्या नंबराचं पॅकेज टाकलं की टूल्स तेच उचलतात, आणि ३५ हून जास्त कंपन्यांत त्याचा कोड चालला होता. टूल्सचा नियम तोच होता, सगळ्यात वरचं घ्या, फक्त कुठलं हे कोणी विचारलं नव्हतं. तुमच्या टूलमध्ये नावाचा एक उपसर्ग अंतर्गत रजिस्ट्रीला बांधून टाका, त्या उपसर्गाचं नाव बाहेर शोधायलाच जायचं नाही, अंतर्गत रजिस्ट्री बंद असली तरीही. बंद असेल तर बिल्ड पडू दे.

आणि शेवटचा प्रश्न, त्याच नंबराने परत टाकू द्यायचं का. नाही. एका टीमने एकदा १.८.२ टाकलं, तासाभराने चूक लक्षात आली म्हणून तेच नाव ठेवून दुरुस्त जार टाकली, तोवर निम्म्या लॅपटॉपच्या कॅशेत पहिली गेली होती आणि सीआयवर दुसरी. "माझ्याकडे चालतंय" हे दोन्ही बाजूंनी खरं होतं. मेव्हन सेंट्रल, एनपीएम, कार्गो यांच्यातलं कोणीच एका नंबरावर दुसरी फाइल ठेवू देत नाही. नंबर संपत नाहीत, १.८.३ टाका. काढून टाकण्याचंही तसंच. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढलं आणि त्यावर अप्रत्यक्षपणे टेकलेली असंख्य बिल्ड्स एकदम पडली, त्यानंतर एनपीएमने काढण्यावर बंधनं घातली. कार्गोचा 'यँक' हा योग्य नमुना आहे, यँक केलेलं व्हर्जन नव्या रिझॉल्व्हमध्ये निवडलं जात नाही पण ज्यांच्या लॉकफाइलमध्ये आधीच आहे त्यांना मिळत राहतं. गो मध्ये १.१६ पासून 'रिट्रॅक्ट' आहे, त्यात कारण लिहिता येतं आणि ते व्हर्जन वापरणाऱ्याला टूल ते कारण दाखवतं. तुमच्या रजिस्ट्रीत दुसऱ्यांदा आलेली तीच जार हॅश जुळला तर शांतपणे स्वीकारा, नाही जुळला तर ४०९ (एचटीटीपीचा 'कॉन्फ्लिक्ट' एरर) द्या, आणि यँक करताना कारणाचा रकाना रिकामा सोडता येणार नाही असा ठेवा.